सख्ख्या बहिणीची लिंक

नणंद-भावजयीचं पटत नाही, असं म्हणणाऱ्यांच्या तोंडाला मला एकदा कुलूप घालायचं आहे. माझं माझ्या नणंदेशी पहिल्या दिवसापासून पटलं. पटलं नाही ते तिच्या भावाशी, आणि तो माझा नवरा आहे. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. इथे तो समोर नाही, तेव्हा 'तो'च म्हणणार. ज्याला खटकेल त्याने खटकून घ्यावं.

नणंदेला घरात सगळे 'तपासनीस' म्हणतात. हे नाव सासऱ्यांनी ठेवलं, ती जेमतेम बोलायला लागली तेव्हा. खेळणं हातात दिलं की ही आधी ते उलटं करायची, चाकं हलवून बघायची, नाकाला लावायची आणि परत द्यायची. म्हणायची, "सैल." लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा बाकीचे माझ्याकडे बघत होते आणि ही माझ्या बॅगेकडे. म्हणाली, "वहिनी, हिची मूठ जाणार आहे. दोन्ही हातांनी धरत जा." सगळे हसले. पुढच्याच महिन्यात मी माहेरी निघाले तर भर रस्त्यात मूठ माझ्या हातात आणि बॅग खाली. तेव्हापासून मी तिचं बोलणं कधी हसण्यावारी नेलं नाही.

आमचं स्वयंपाकघराच्या वस्तूंचं दुकान. कुकर, मिक्सर, सुऱ्या, किटल्या, पॅन. सासरे गेल्यावर दुकान नवऱ्याकडे आलं आणि तपासनीस काउंटरवर बसायला लागली. लग्न तिने केलं नाही. स्थळं आली, ती तिने तपासली, आणि काय सापडलं ते आम्हाला काही सांगितलं नाही. दुकानात तिला पगार नव्हता, कारण घरचं दुकान. घरचं दुकान म्हणजे राबायला सगळे आणि गल्ल्यावर एकटा. हे मी तेव्हाही बोलले होते. माझं कोण ऐकतंय.

नवऱ्याने तिला एक नियम घालून दिला होता. गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. बिचारी पाळायची. एखादी मिक्सर घेऊन निघाली की हिचे ओठ नुसते हलायचे, पण आवाज नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मनात सांगते गं तिला." अशी कितीतरी वर्षं काढली तिने.

मग एक दिवस एक बाई आल्या. उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. जुन्या पॅनची मूठ निसटून उकळतं तेल हातावर आलं होतं. नवीन पॅन डाव्या हाताने उचलून त्यांनी तपासनीसला विचारलं, "ताई, याची मूठ तरी टिकेल ना?"

विचारलं. आता नियमाप्रमाणे बोलायला मोकळी.

"नाही टिकणार," तपासनीस म्हणाली. "आत एकच स्क्रू आहे. दुसरा हात तरी सांभाळा."

बाई पॅन ठेवून गेल्या. पलीकडे मिक्सर बघत उभे असलेले दोघं, तेही गेले. नवऱ्याने हातातलं झाकण काउंटरवर असं आपटलं की बाहेरचे लोक डोकावले. आणि त्या सगळ्यांसमोर तो म्हणाला, "ही माझी कोणी लागत नाही. हिच्या बोलण्याशी दुकानाचा काही संबंध नाही."

तिने डबा उचलला, चपला घातल्या आणि गेली. त्या दिवसानंतर ती आमच्या घरी झोपायला आली नाही. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो, हे मलाही कळतं. मी तर रोज बोलते. पण याने ते वाक्य पाठच केलं. कोणी नातेवाइकाने विचारलं, बहीण कुठे आहे, तर लगेच, "आमचा काही संबंध नाही." शेजारच्या दुकानदाराने विचारलं तरी तेच. मला तर बजावूनच ठेवलं, तिकडे जायचं नाही.

तिने खोली घेतली ती एका लाँड्रीच्या वर. देवालाच माझी दया आली असेल. नवऱ्याला शर्ट कडक इस्त्रीचे लागतात, आणि लाँड्रीला जाऊ नको असं काही तो म्हणाला नव्हता. मग काय, दर आठवड्याला मी शर्टांचं गाठोडं खाली टाकायची आणि जिना चढायची. आमच्या घरात त्या काळात इतके कपडे धुतले गेले की पडदेसुद्धा विटले. आपल्या बहिणीच्या पायाखाली इस्त्री झालेले शर्ट घालून हा गृहस्थ काउंटरवर बसून सांगायचा, आमचा काही संबंध नाही.

सुरुवातीला ती लाँड्रीवाल्याकडेच कपडे मोजून घ्यायचं काम करायची. त्याला नवी इस्त्री घ्यायची होती. तपासनीसने त्याला दोन आणायला लावल्या, दिवसभर दोन्ही चालवल्या, आणि एकीला अशी झापली की माझी लेक, जी माझ्याबरोबर आली होती, तिने ते फोनवर टिपलं. "बघ हिची वायर. मानेशीच पिळवटली आहे. ही काय वर्ष काढणार? आणि डब्यावर म्हणे आयुष्यभराची साथ." लेकीने ते नेटवर टाकलं. लोक हसले, एकमेकांना पाठवत सुटले, आणि विचारायला लागले की मग दुसरी इस्त्री कुठली ते तरी सांगा.

तिथून हा लिंकचा धंदा सुरू झाला. मला तो समजायला वेळ लागला, तुम्हाला लागू नये म्हणून सांगते. तिने एखादी वस्तू वापरून व्हिडिओ करायचा आणि खाली एक लिंक द्यायची. बघणाऱ्याने ती लिंक दाबून ती वस्तू मागवली, की विकणारी कंपनी तिच्या खात्यावर थोडं कमिशन टाकते. घेणाऱ्याला एक पैसा जास्त पडत नाही. लिंक कोणाची होती हे कंपनीच्या यंत्राला आपोआप कळतं, कोणी सांगावं लागत नाही. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. माझ्या सासरच्यांनी ठेवलं नाही.

असं करणारे पुष्कळ आहेत. डबा उघडतात, 'वा' म्हणतात, डब्यावरचंच वाचून दाखवतात आणि खाली डझनभर लिंका लटकवतात. एकाने तर प्लग भिंतीत न घालताच मिक्सरचं कौतुक केलेलं मी बघितलं आहे. तपासनीस वस्तू महिनाभर वापरायची. पॅनच्या मुठीला पाण्याने भरलेली बादली टांगायची. मिक्सर तापेपर्यंत चालवून त्याचा वास घ्यायची. मी फोन धरायची, आणि ती माझ्याकडे बघून बोलायची, जशी स्वयंपाकघरात बोलते तशीच. दहातल्या सात वस्तूंना ती म्हणायची, घेऊ नका. आणि 'घेऊ नका' म्हटल्यावर लिंक कसली आणि कमिशन कसलं. मी म्हटलं, "अगं, जरा पोटापाण्याचा विचार कर." तर म्हणते, "तेच करतेय. लोकांच्या."

एका कंपनीच्या माणसाचा फोन आला होता, मॅडम, जरा पॉझिटिव्ह बोलत जा, आम्ही तुमचं बघू. ती म्हणाली, "तुम्ही वस्तू पॉझिटिव्ह पाठवत जा, मग मी बघते."

पहिलं कमिशन आलं, त्यात एक बरी सुरीसुद्धा आली नसती. पण ती खोलीभर फिरली. "वहिनी, खरं बोलल्याचे पैसे मिळाले," एवढंच म्हणत होती. हळूहळू लोकांचा विश्वास बसला. ज्याला ती लिंक देते ते घरात आणावं, असं लोक एकमेकांना सांगायला लागले. भाडं निघायला लागलं, जेवण निघायला लागलं, मग खालचं कपडे मोजायचं काम तिने सोडलं. ते खातं म्हणजे तिचं सगळं होतं. पैशासाठी म्हणत नाही मी. ते खातं चालू होतं तोवर तिला पुन्हा त्या काउंटरवर बसून सैल मुठीला घट्ट म्हणायची पाळी येणार नव्हती. तिला भीती होती ती त्याच एका गोष्टीची.

आणि त्या खात्याचा एक नियम होता. स्वतः घ्यायचं नाही, आणि घरच्यांनी, नातेवाइकांनी तिच्या लिंकवरून घ्यायचं नाही. लोक लबाड असतात, आपल्याच माणसांच्या नावावर वस्तू मागवून कमिशन खातात, म्हणून नियम. मला एक नवा कुकर हवा होता, तर तिने मला हात जोडून सांगितलं, "वहिनी, कुठूनही घे, माझ्याकडून नको." मी चार गल्ल्या पलीकडच्या दुकानातून घेतला. दुकानदाराची बायको दुसऱ्याच्या दुकानातून कुकर आणते, यावर घरात महाभारत झालं ते वेगळंच.

मग माझ्या नवऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकं यायला लागली आणि विचारायला लागली, "त्या तपासणाऱ्या बाईंनी सांगितलेली किटली आहे का?" याला आधी कळेना, कुठल्या बाई. शेवटी एकाने फोनच याच्या नाकासमोर धरला. त्यात सख्खी बहीण बादली टांगत होती. मला वाटलं, आता काहीतरी पाझरेल. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदाराला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं, "माझीच बहीण ती. माझ्याच काउंटरवर शिकली." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं जिचं नाव घेतलं नाही ती चार लोकांनी ओळखल्याबरोबर याची झाली.

मी म्हटलं, "अहो, मग जाऊन भेटा की. चुकलो म्हणा."

"जाऊ," म्हणाला. "आधी तिच्यासाठी काहीतरी केलं पाहिजे. रिकाम्या हाताने कसं जायचं?"

"म्हणजे काय करणार?"

"आपण सगळ्यांनी तिच्या लिंकवरून घ्यायचं. तिचं भलं होईल."

मी त्याला समोर बसवून नियम सांगितला. लहान मुलाला सांगावं तसा सांगितला. तो ऐकून हसला. म्हणाला, "घरच्यांनी घ्यायचं नाही, असा कुठे नियम असतो? नियम परक्यांसाठी असतात. तिचा मानीपणा आहे हा, आपले उपकार नकोत म्हणून." मी म्हटलं, भलतंसलतं काही करू नका. तो हो म्हणाला. त्याच्या होकाराची मूठ किती सैल असते, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

त्याच सुमारास लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि तिची खोली लावून द्यायला मी आठवडाभर तिच्याबरोबर गेले. घर म्हणजे एक खोली, एक ओटा, एक खिडकी. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी दारात पार्सल. उघडलं तर किटली, विजेवरची. पाठवणारे, तिचे बाबा. लेक खूश. दुपारी आणखी एक पार्सल. तीच किटली. पाठवणारे मामेआजोबा, म्हणजे नवऱ्याचे मामा. या मामांना सगळे फॉरवर्डमामा म्हणतात, कारण त्यांच्याकडे आलेली कुठलीही गोष्ट त्यांच्याकडे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी तिसरी किटली. मग चौथी. लेक दार उघडून म्हणाली, "आई, आणखी एक. यांना काय वाटतंय, मी चहाचं दुकान टाकलंय?"

तपासनीसने त्या महिन्यात एकाच वस्तूची लिंक दिली होती, आणि ती किटली होती.

मी नवऱ्याला फोन लावला. हा इतका आनंदात की मला बोलूच देईना. "सगळ्यांनी घेतली," म्हणाला. "मी फक्त मामांना सांगितलं. त्यांनी सगळ्या गोतावळ्याला कळवलं. लेकीच्या नव्या घराला भेट आणि बहिणीला कमिशन, एका दगडात दोन पक्षी."

"पक्षी मेले तुमचे," मी म्हटलं. "अहो, तिचं खातं बंद होईल."

"कसं होईल? कंपनीला कुठे माहीत आहे आम्ही कोण? आणि कमिशन दुसऱ्याच्या पदरात जाऊ नये, म्हणून मामांनी व्यवस्थित बंदोबस्त केला आहे."

बंदोबस्त हा शब्द ऐकून मी फोन ठेवला आणि लेकीला ते किटलीचं पान उघडायला सांगितलं.

आता बघा कसं असतं. आपल्याकडे एखाद्या दुकानात गेलं की आपण सांगतो, अमक्याने पाठवलंय हं. म्हणजे त्या अमक्याचा मान राहतो. फॉरवर्डमामांना वाटलं, कंपनीलाही असंच सांगावं लागणार. मग त्यांनी सगळ्यांना कळवलं की नुसतं घेऊन भागणार नाही, खाली अभिप्राय लिहायची जागा आहे, तिथे स्पष्ट लिहा. आणि आमच्या लोकांनी लिहिलं. कधी एकमेकांच्या आजारपणात दोन ओळी न लिहिणाऱ्यांनी तिथे रांग लावली.

मामा स्वतः: "भाचीच्या सांगण्यावरून आम्ही सर्व नातेवाइकांनी ही किटली घेतली आहे. कंपनीने नोंद घ्यावी." एक चुलत जाऊ: "पार्सल अजून पोचलेले नाही, तरी पाच तारे. आमच्या घरचीच लिंक आहे." आणि सगळ्यांच्या वर, सगळ्यात आधी, माझा नवरा: "किटली उत्तम. माझ्या सख्ख्या बहिणीच्या लिंकवरून घेतली आहे. कमिशन तिलाच मिळावे ही विनंती."

लेक हसायला लागली आणि माझ्याकडे बघून थांबली. मला रडावं की कोणाला बदडावं ते कळेना. हाताशी कोणी नव्हतं म्हणून रडले.

परत आले ती स्टेशनवरून थेट लाँड्रीवर. तपासनीस खोलीत बसली होती, समोर फोन. कंपनीचं पत्र आलं होतं, वाचायला दिलं. फार गोड भाषा. खातं तात्पुरतं थांबवलं आहे, कमिशन रोखलं आहे. खालील ग्राहकांशी आपलं काही नातं आहे का, कृपया कळवावं. खाली आमच्या सगळ्या गणगोताची नावं. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा इतकी नावं एका ठिकाणी आली नव्हती. मी फोन नंबर शोधला. भांडायला माणूसच नाही. पत्राखाली सहीसुद्धा नाही, नुसतं 'आपला संघ'. अरे, माझ्या नणंदेच्या पोटावर पाय देता, तर पाय कोणाचा ते तरी सांगा.

"मी लोकांना सांगते घेऊ नका, तर ते ऐकतात," तपासनीस म्हणाली. "घरच्यांनाच कसं ऐकू येत नाही गं?"

मी घरी जाऊन नवऱ्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याचा एकच फायदा झाला. दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो जिना चढला. लाँड्रीवाला खालून बघत राहिला, कारण त्याला शर्टांची मापं माहीत होती, माणूस पहिल्यांदा दिसत होता.

खोलीत तो दारातच उभा राहिला. मग खुर्चीच्या कडेवर बसला. बहीण म्हणाली, "ये दादा." जणू कालच भेटला होता. पाणी दिलं. त्याने सगळीकडे बघून घेतलं, फळीवर मांडलेले पॅन, कोपऱ्यातली बादली. मी वाट बघत होते. आता म्हणेल, मग म्हणेल. दोन शब्द तर होते.

तो म्हणाला, "काही अवघड नाही. लिहून टाक, ही माणसं माझी कोणी नाहीत."

"तू तिथे लिहिलं आहेस, दादा. सख्खी म्हणून."

"ते चुकून लिहिलं म्हणेन. मीच कंपनीला लिहून देतो. हिचा-माझा काही संबंध नाही, असं."

इतक्या पटकन म्हणाला. शोधावंसुद्धा लागलं नाही त्याला ते वाक्य. माझ्या हातात खालून घेतलेले त्याचेच इस्त्रीचे शर्ट होते, ते मी जमिनीवर टाकले.

"अहो, हे तर तुमचं तोंडपाठच आहे," मी म्हटलं. "काउंटरवर म्हणालात, गल्लीत म्हणालात, सगळ्या नातेवाइकांना वाटलंत. आता सहीनिशी म्हणणार? इतक्या वर्षांत एकदा उलटं म्हणून बघितलं असतंत तर ही वेळ आली असती का?"

"लिहिलं की उलटं," तो माझ्यावरच ओरडला. "सख्खी बहीण म्हणून लिहिलं, आणि तिथेच तर घोळ झाला."

भिंतीवर डोकं आपटलं तर भिंतीचं काही जात नाही. तपासनीसने फोन घेतला आणि शांतपणे उत्तर लिहिलं. लिहून झाल्यावर आम्हाला वाचून दाखवलं. "होय. पहिला माझा सख्खा भाऊ आहे. बाकीचेही नातेवाईक आहेत. मी त्यांना घ्यायला सांगितलं नव्हतं. पण आहेत माझेच."

"वेडी आहेस का?" नवरा उठून उभा राहिला.

"खोटं सांगायचं असतं तर तुझ्या काउंटरवरच सांगितलं असतं ना रे," ती म्हणाली आणि पाठवून दिलं.

कंपनीचं उत्तर आलं. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, आणि खातं कायमचं बंद. आभार मानून गळा कापायची ही तऱ्हा मी पहिल्यांदाच बघितली. लबाडांसाठी केलेला नियम, आणि सापडली कोण, तर जिला लबाडी येत नाही ती. ज्याने प्लग न घालताच मिक्सर विकला त्याचं खातं आजही धडधडीत चालू आहे. बघून या हवं तर.

मग नवऱ्याने मनाचा मोठेपणा दाखवला. म्हणाला, "काय बिघडलं? ये परत दुकानात. काउंटर तुझाच आहे."

तपासनीसने त्याला एकच विचारलं. "गिऱ्हाइकाने मुठीबद्दल विचारलं तर काय सांगू?"

तो घुटमळला. "जरा गोडीत सांगायचं," म्हणाला. "बघू, करू, असं."

"मग नको," ती म्हणाली.

आता ती पुन्हा खाली लाँड्रीच्या काउंटरवर असते. कपडा हातात घेते, उलटा करते, उजेडात धरते आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, "हा डाग जाणार नाही. ही कॉलर फाटणार आहे, तुमच्या जबाबदारीवर द्या." लाँड्रीवाला म्हणतो, तिच्यामुळे भांडणं निम्म्यावर आली. वर खोलीत अजून बादली टांगते, अजून व्हिडिओ करते, मी अजून फोन धरते. खाली लिंक नसते. लोक विचारतात, ताई, लिंक द्या ना, तुम्हाला दोन पैसे मिळतील. ती लिहिते, दुकानात जाऊन मूठ हलवून बघा आणि मग घ्या. मला ते वाचून कोणाकोणाचा राग येतो त्याची यादी करायची म्हटली तर दिवस पुरणार नाही.

परवा गाठोडं घेऊन गेले तर काउंटरवर ती फोन बघत होती. इतकी गुंगली होती की मी आले ते कळलं नाही. मी वाकून बघितलं. किटलीचं पान. माझ्या नवऱ्याची ती ओळ.

"अगं, हे काय वाचत बसलीस?" मी म्हटलं. "याच ओळीने तुझं वाटोळं केलं."

"हो," ती म्हणाली. आणि त्या ओळीवर बोट ठेवून, "सख्खी लिहिलंय गं वहिनी त्याने. नुसतं बहीण लिहिलं असतं तरी चाललं असतं ना? पण सख्खी लिहिलंय."

रोज वाचते. मी विचारलं नाही, पण ते मला कळलं. मला तिचा इतका राग आला, इतका राग आला की मी गाठोडं तसंच उचललं आणि घरी आले.

घरी नवरा फोन घेऊन बसला होता. फॉरवर्डमामांनी त्याला अभिप्राय पुसून कसा टाकायचा ते शिकवलं होतं. "आता काही उपयोग नाही त्याचा," म्हणाला. "लोक वाचतात, उगाच शोभा. काढून टाकतो."

मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"हात लावून बघा," म्हटलं. "ती रोज वाचते ते."

मी गाठोडं सोडलं, त्याचे सगळे शर्ट, धुतलेले पण इस्त्री न केलेले, त्याच्या मांडीवर टाकले. "आजपासून हे तुम्ही न्यायचे. काउंटरवर ती असते. जे तिथे लिहिलंत ते तिथे उभं राहून म्हणायचं, गिऱ्हाइकांसमोर, तोंडाने. मग ती शर्ट घेईल, इस्त्री होईल. म्हणवत नसेल तर चुरगळलेले घाला. मी काही आता ते गाठोडं उचलणार नाही."

त्याच्या दुकानासमोरून जाणं झालं तर बघा. अजून चुरगळलेलेच घालतोय.